काळी-पिवळी जीप, प्रमाण 1:24 : प्रकल्प नोंदी

रविवार, 8 सप्टेंबर 2024

तान्हा पोळा आटोपला आणि घरातील मुलांच्या लाकडी नंदींची चाके बसवण्यात अडकलेले टेबल मोकळे झाले. नव्या कामाचा विषय ठरला आहे : आमच्या हिंगणघाट तालुक्यातील रस्त्यांवर अजूनही धावणारी, बाजाराच्या दिवशी मागच्या पायरीवरही माणसे घेऊन वडनेरच्या दिशेने निघणारी काळी-पिवळी जीप. प्रमाण 1:24 घेतले आहे, म्हणजे खऱ्या गाडीवरील 24 मिलिमीटर नमुन्यावर 1 मिलिमीटर होतील.

गाड्यांचे नमुने बनवणाऱ्या आमच्या मंडळींत अकोला, नांदेड, कोल्हापूर, डोंबिवली अशा ठिकाणचे लोक आहेत. प्रत्यक्ष भेट क्वचितच होते, पण छायाचित्रे, मापे आणि आराखडे फोनवरून सतत इकडून तिकडे जात असतात. बहुतेकांच्या कपाटात परदेशी शर्यतीच्या गाड्या किंवा महायुद्धातील वाहने दिसतात, कारण त्यांचे संच विकत मिळतात. आपल्या रस्त्यावरच्या गाडीचा नमुना हवा असेल तर टेप घेऊन त्या गाडीजवळच जावे लागते आणि एकाने घेतलेले माप दुसऱ्याला दिले नाही, तर दुसऱ्याला तीच पायपीट पुन्हा करावी लागते. म्हणून या कामाचा आराखडा पहिल्यापासून सर्वांना देण्याच्या हेतूनेच काढणार आहे.

हाताशी दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचा 1:24 प्रमाणातील संच आहे. त्यातील चाके, आस, स्प्रिंगचे पाटे आणि स्टिअरिंग एवढेच घेणार. त्यातील गाडीच्या अंगाचा, म्हणजे बॉडीचा, या कामी उपयोग नाही. एमबीच्या दोन आसांमधील अंतर 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर होते आणि नमुन्यावर ते 84.7 मिलिमीटर भरते. आमची जीप त्याहून बरीच लांब आहे. शिवाय युद्धकाळातील एमबीच्या समोरच्या जाळीला नऊ उभ्या फटी असत, तर नंतरच्या नागरी सीजे जीपला सात. आमच्याकडील गाड्या या दुसऱ्या घराण्याच्या वारसदार आहेत.

रविवार, 15 सप्टेंबर 2024

जीप स्टँडवर मापे घेतली. गाडी भरायला वेळ होता, त्यामुळे चालकभाऊंनी आनंदाने परवानगी दिली, मात्र शेजारच्या गाडीचे चालक जवळ येऊन म्हणाले, "काऊन मोजून राह्यले भाऊ? इकत घ्याची हाय का?" लहान गाडी बनवायची आहे असे सांगितल्यावर त्यांनी टेपचे दुसरे टोक स्वतः धरले आणि त्यानंतरचे काम फार सोपे झाले, कारण लांब अंतरे एकट्याने मोजताना टेप मध्ये झुकतो आणि माप वाढून येते.

दोन आसांमधील अंतर सुमारे 268 सेंटीमीटर भरले. नमुन्यावर हे 111.7 मिलिमीटर होते, म्हणजे संचातील चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) बरोबर 27 मिलिमीटरने वाढवावी लागेल. हेडलाइट सात इंची आणि टायर 6.00-16 मापाचे आहेत. या दोन गोष्टींचे माप ठरलेले असल्यामुळे छायाचित्रांवरून काढलेली बाकीची मापे त्यांच्याशी पडताळून पाहता येतात. मागची पायरी, टपावरचे कॅरिअर, आतील समोरासमोरची बाके आणि मागील खांबांना वेल्ड केलेल्या धरण्याच्या दांड्या ही सारी स्थानिक गॅरेजची कामगिरी आहे. स्टँडवर उभ्या असलेल्या कोणत्याही दोन जीपची पायरी सारख्या उंचीवर नव्हती.

संध्याकाळी मापांचा कागद मंडळींना पाठवताच अकोल्याच्या काकांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की नमुना कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा असावा. गॅरेजमध्ये पुढे झालेले बदल म्हणजे त्या गाडीचा अपघात, तिची ओळख नव्हे. काकांचा अभ्यास मोठा आहे आणि संग्रहासाठी नमुना करायचा असेल तर त्यांचे म्हणणे मला मान्यही आहे. पण पायरी आणि कॅरिअर काढून टाकल्यावर जी उरते तिला आमच्याकडे कोणी काळी-पिवळी म्हणणार नाही. मी त्या एका विशिष्ट जीपचाच नमुना करणार आहे आणि आराखड्यावर 'सप्टेंबर 2024 मध्ये प्रत्यक्ष मोजलेली गाडी' असे स्पष्ट लिहिणार आहे. त्या ओळीवर काकांनी समाधान मानले.

रविवार, 29 सप्टेंबर 2024

आराखड्याच्या चारही बाजू पूर्ण झाल्या. बाजूचे चित्र छायाचित्रावरून काढताना एक काळजी घेतली : रस्त्याच्या पलीकडे शक्य तितके दूर उभे राहून, झूम वापरून आणि फोन गाडीच्या निम्म्या उंचीवर धरून छायाचित्र घेतले. जवळून घेतलेल्या छायाचित्रात मधला भाग फुगतो, दोन्ही टोके मागे सरकतात आणि पुढच्या चाकाचा गोल अंडाकृती होतो. प्रत्येक छायाचित्रात गाडीला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवली होती, तिच्यामुळे मोजणीला आधार मिळाला.

आराखड्याच्या तळाशी 50 मिलिमीटर लांबीची रेघ काढली आहे. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतात, तेव्हा छापल्यावर आधी ही रेघ पट्टीने मोजावी.

रविवार, 13 ऑक्टोबर 2024

काल दसरा होता, त्यामुळे तालुक्यातील साऱ्या गाड्या धुऊन, झेंडूची तोरणे लावून उभ्या होत्या. रंगांच्या अभ्यासासाठी वर्षातला हाच दिवस उत्तम, कारण एरवी धुळीखाली खरा रंग दिसतच नाही. आमच्या जीपचा पिवळा लिंबासारखा नसून हळदीकडे झुकणारा आहे आणि काळ्या रंगावर दाराच्या कडेला, जिथे रोज हात लागतात तिथे, खालचा जुना रंग उघडा पडला आहे.

चॅसी वाढवण्याचे काम झाले. दोन्ही पट्ट्या मधोमध एकाच रेषेत न कापता एक थोडी पुढे आणि एक थोडी मागे कापली, कारण दोन्ही सांधे एकाच ठिकाणी आले की तिथे चॅसी वाकण्याची शक्यता असते. मधे घातलेल्या तुकड्याला आतून प्लास्टिकची पट्टी चिकटवून आधार दिला. संच आणि प्लास्टिकचा पत्रा दोन्ही पॉलिस्टायरीनचे असल्याने विद्रावकाने जोडता येतात. हा द्रव प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि तो उडून गेल्यावर दोन तुकडे एकजीव होतात, त्यामुळे वाळलेला सांधा घासला तरी सुटत नाही.

युद्धातील जीपच्या टायरवरील जाड नक्षी घासून उतरवली. आमच्या गाडीच्या पुढच्या टायरला सरळ पन्हाळी आहेत आणि मागचे टायर रिमोल्ड केलेले (झिजल्यावर नवे रबर चढवलेले) आहेत, म्हणून मागच्यांवर तिरपे खाचे सुरीने कोरले.

रविवार, 27 ऑक्टोबर 2024

दिवाळी तोंडावर आली असल्यामुळे काम थोडेच, पण महत्त्वाचे झाले : अंगाचे सर्व पत्रे कापून उभे केले. जीपचे अंग बहुतांशी सपाट पत्र्याचे आणि सरळ घड्यांचे असते, त्यामुळे स्वतः पत्रा कापून नमुना करू पाहणाऱ्या नवशिक्याने गोलाईदार मोटारीऐवजी जीपपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

पत्र्याच्या जाडीविषयी नांदेडच्या ताईंनी विचारले आहे, त्याचे उत्तर इथेच नोंदवतो. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण 1 मिलिमीटर जाडीचा धरला तर 1:24 मध्ये तो 0.04 मिलिमीटर व्हायला हवा आणि इतके पातळ प्लास्टिक आपल्या वजनानेच वाकेल. मी 0.5 मिलिमीटरचा पत्रा वापरला असून जिथे कड दिसते, म्हणजे दारांच्या उघड्या चौकटी, मडगार्डची खालची बाजू आणि मागची कड, तिथे आतल्या बाजूने तिरकस घासून कड जवळजवळ कागदाइतकी पातळ केली आहे. बघणाऱ्याची नजर कडेवरूनच जाडी ठरवते.

समोरची जाळी सात फटींची आहे. आधी छिद्रे पाडून मग कानशीने लांबवण्यापेक्षा, पट्ट्या आणि मोकळ्या जागा आलटून पालटून चिकटवून जाळी 'बांधणे' सोपे गेले. फटींच्या बाजू त्यामुळे आपोआप सरळ राहतात.

रविवार, 17 नोव्हेंबर 2024

टपावरच्या कॅरिअरने या कामातला सर्वाधिक वेळ घेतला आणि माझ्या दृष्टीने तोच या गाडीचा आत्मा आहे, म्हणून येथे सविस्तर लिहितो. खऱ्या कॅरिअरच्या सळया अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 12.7 मिलिमीटर व्यासाच्या आहेत. 1:24 मध्ये त्यांचा व्यास 0.53 मिलिमीटर होतो. प्लास्टिकच्या इतक्या बारीक काड्या हात लागताच मोडतात. पितळी तार मागवायची तर ती कुरिअरने येणार. पण आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गावात विहिरीवरच्या मोटारींचे वाइंडिंग करणारे दुकान असते आणि तिथे तांब्याची इनॅमलची तार वेगवेगळ्या गेजमध्ये रिळावर मिळते. 25 गेजची तार 0.51 मिलिमीटर आणि 24 गेजची 0.56 मिलिमीटर जाडीची असते; मी 25 गेज घेतली. जुन्या मोटारीतून काढलेली तार दुकानदार फुकटही देतात, पण ती काढताना जळालेली आणि वाकलेली असते, त्यापेक्षा नवी घ्यावी.

रिळावरची तार गोल वळलेली असते आणि ती बोटांनी कितीही ओढली तरी सरळ होत नाही. तिचे एक टोक शिकंजात पक्के धरून दुसरे टोक पक्कडीने ओढावे; तार किंचित ताणली गेल्याचे हाताला जाणवले की थांबावे. असे ताणल्याने तार सुतासारखी सरळ तर होतेच, शिवाय तांबे थोडे कडक होते आणि नंतर सहज वाकत नाही. डाग देण्यापूर्वी, म्हणजे कथलाने तारा जोडण्यापूर्वी, सांध्याच्या जागेवरील इनॅमल सुरीने खरवडून काढले, कारण इनॅमलवर कथील धरत नाही. आराखड्याची एक प्रत लाकडी फळीवर चिकटवून, तारा तिच्यावर टाचण्यांनी अडकवून सर्व सांधे जागच्या जागी डागले. लांबीच्या सळया आधी आणि आडव्या नंतर, तेही एका कोपऱ्यातून सुरुवात करून लगेच समोरच्या कोपऱ्यात जायचे. शेजारशेजारचे सांधे ओळीने डागले तर उष्णतेने आधीचा सांधा सुटतो.

कोल्हापूरच्या मित्राने छायाचित्र पाहून लक्षात आणून दिले की खऱ्या कॅरिअरची मागची आडवी सळई मधोमध खाली झुकलेली दिसते. ओझ्याने आलेला तो बाक होता. माझ्याच छायाचित्रात तो स्पष्ट आहे. तोही दिला.

रविवार, 24 नोव्हेंबर 2024

काचांसाठी ओएचपीची पारदर्शक फिल्म कापून ठेवली. ती फेविकॉलने चिकटवायची. फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरे धुके सोडते आणि ते पुसून जात नाही. सात इंची हेडलाइट 1:24 मध्ये 7.4 मिलिमीटर व्यासाचा होतो, आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटातील फुगीर पारदर्शक टोपण नेमके त्या आकाराचे मिळाले. योग्य गोळी शोधण्यासाठी मेडिकलवाल्यांना बरेच सतावले, त्यांनी ते हसून सहन केले.

रविवार, 1 डिसेंबर 2024

रंगकाम सुरू झाले आणि आमच्या भागाची हिवाळ्यातली अडचणही त्याच्यासोबत आली. कापसाचा हंगाम भरात आहे, जिनिंगच्या परिसरातच नव्हे तर कापूस भरलेली गाडी ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरही बारीक तंतू हवेत तरंगत राहतात आणि ओल्या रंगावर येऊन बसतात. त्यातच हवा कोरडी असते आणि घासलेल्या पॉलिस्टायरीनवर स्थिर विद्युत साठते, त्यामुळे नमुना तंतू स्वतःकडे ओढून घेतो. डोंबिवलीच्या मित्राला हे समजावून सांगावे लागले. त्याची अडचण बरोबर उलट आहे. त्याच्याकडे पावसाळ्यात दमट हवेत लॅकर उडवला की विद्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंग दुधाळ पडतो.

आमच्या अडचणीवरचा उपाय साधा आहे. खोलीतला पंखा बंद ठेवला, जमिनीवर पाणी शिंपडले, नमुना ओलसर कापडाने हलकेच पुसला आणि प्रत्येक थरानंतर त्यावर स्टीलचा मोठा डबा पालथा घातला. पहाटे हवा स्थिर असते खरी, पण तेव्हा दव असते. म्हणून ऊन वर आल्यावर आणि वारा सुटण्यापूर्वीची वेळ निवडली. कॉम्प्रेसरचा दाब 15 ते 20 पीएसआयच्या दरम्यान ठेवला.

रंगांचा क्रम : करडा प्रायमर, मग जिथे पिवळा येणार तिथे पांढरा, मग पिवळा, आणि काळा सर्वांत शेवटी. पिवळ्या रंगाची झाकण्याची शक्ती कमी असते, त्याच्याखाली काळा किंवा करडा असेल तर तो हिरवट, मळका दिसतो. आमच्या हळदी पिवळ्यासाठी पांढऱ्यात किंचित गुलाबी मिसळून थर दिला, त्याने अपेक्षित ऊब आली. मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मिळणारा रंग स्वस्त आणि चकचकीत असतो, परंतु त्याचे तीव्र थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला खाते आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पाडते. तो मी वापरलेला नाही. प्रायमरखाली राहिलेले खड्डे लांबी (पुटी) भरून, 600 आणि 1000 नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासले.

रविवार, 15 डिसेंबर 2024

काळा रंग दिला. शुद्ध काळा न देता त्यात थोडा करडा मिसळला आहे, कारण वीतभर लांबीच्या वस्तूवर शुद्ध काळा दिला की घड्या, दारांच्या फटी, रिव्हेट सारे त्यात बुडून जाते. खरी गाडी आपण काही पावले दूर उभे राहून, मधल्या हवेतून आणि उजेडातून पाहतो आणि तेव्हा तिचा काळा इतका काळा नसतोच.

नंबर पाट्या तयार झाल्या. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. 340 गुणिले 200 मिलिमीटरची पाटी 1:24 मध्ये 14.2 गुणिले 8.3 होते आणि 65 मिलिमीटर उंचीचे अक्षर 2.7 मिलिमीटरचे. वर्धा जिल्ह्याचा एमएच 32 ठेवला, पुढे मात्र 0000 लिहिले. हा क्रमांक कोणालाच मिळत नाही. मोजायला दिलेल्या माणसाच्या गाडीचा खरा क्रमांक छायाचित्रांतून गावोगाव फिरवणे योग्य नाही. मंडळींनाही हीच विनंती केली आहे आणि दोघांनी आपली जुनी छायाचित्रे त्यानुसार बदलली.

रविवार, 5 जानेवारी 2025

धूळ आणि चिखल. या विषयावर आमच्यात जितकी चर्चा झाली तितकी इंजिनावरही झाली नाही. नमुने जुने दाखवण्यासाठी विकत मिळणाऱ्या भुकट्यांत तांबूस आणि वाळवंटी छटा भरपूर असतात. कोल्हापूरचा मित्र त्याच्या भागाला साजेशी तांबडी माती सुचवत होता. आमच्याकडे ती चालणार नाही. इथली कपाशीची काळी माती ओली असताना जवळजवळ काळी दिसते, पण वाळली की राखाडी-तपकिरी होते, त्यामुळे काळ्या रंगावर ती उजळ दिसते. रस्त्याच्या खांद्यावरील मुरमाची धूळ पिवळसर तपकिरी असते. म्हणून चाकांच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि मडगार्डच्या पोटात शेतातली राखाडी माती दिली, तर दाराच्या खालच्या पट्ट्यावर आणि मागच्या दरवाजावर मुरमाची धूळ. मागचा भाग सर्वांत मळका ठेवला, कारण धावत्या गाडीच्या पाठीमागे हवा वळसा घेऊन धूळ तिथेच आणून टाकते.

शेतातली खरी माती मलमलीतून गाळून वापरून पाहिली. रंग अचूक, पण चिखल करून लावली की वाळताना तिला भेगा पडतात आणि खपल्या सुटतात. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते; उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगांचे कारणही तेच. नमुन्यावर ती भेग 24 पट मोठी वाटते आणि सारा भास मोडतो. शेवटी पाणी पूर्ण टाळले. गाळलेल्या कोरड्या मातीत थोडी टाल्कम पावडर मिसळली, ती ब्रशने हव्या त्या जागी सोडली आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने उतरवून बसवली. जिथे जाड चिखल हवा, तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मातीच्या रंगाचा ॲक्रिलिक रंग कालवून लावला.

दारावर जिथे प्रवासी हात टेकतात तिथली धूळ कापसाच्या बोळ्याने पुसून काढली. मागच्या पायरीच्या मध्यभागीचा रंगही घासून धातूचा केला.

रविवार, 19 जानेवारी 2025

आतील बाके, त्यांवरील रेक्झिनचे आवरण आणि मागचा पडदा बसवून नमुना पूर्ण झाला. पडद्याला खरे कापड चालत नाही, त्याची वीण या प्रमाणात पोत्यासारखी जाड दिसते. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर अंगावर टाकून, ओला असतानाच सुईने चुण्या पाडल्या.

नमुना स्टँडवर नेऊन चालकभाऊंना दाखवला. त्यांनी तो उलटा करून आधी खालची बाजू पाहिली आणि स्टेपनी कुठे आहे ते विचारले. त्यांच्या गाडीची स्टेपनी मोजणीच्या दिवशी पंक्चरवाल्याकडे होती, म्हणून आराखड्यातही ती नव्हती. ती टपावर पुढच्या बाजूला आडवी बांधतात हे त्यांनी सांगितले. संचातले पाचवे चाक शिल्लक होतेच. आज रात्री ते कॅरिअरवर सुतळीने बांधले. सुतळीसाठी शिलाईचा दोरा घेऊन त्याला मेण चोळले, म्हणजे तंतू उभे राहत नाहीत.

आराखड्याची सुधारित प्रत आज सर्वांना पाठवली. तीत मापांचे दोन गट केले आहेत. आसांमधील अंतर, टायर, हेडलाइट, समोरची काच आणि बॉनेट ही मापे काळ्या रेघेत आहेत; ती याच बनावटीच्या दुसऱ्या जीपवरही थोड्याफार फरकाने जुळावीत. पायरी, कॅरिअर, बाके, दांड्या आणि पडदा हे लाल रेघेत आहे, आणि लाल रेघेतले प्रत्येक माप आपापल्या स्टँडवर जाऊन स्वतः घ्यावे असे कोपऱ्यात लिहिले आहे. नांदेडच्या ताईंनी त्यांच्याकडील जीपची पायरी मोजून पाठवलीसुद्धा : ती आमच्या पायरीपेक्षा हातभर रुंद असून तिला मधे पाइपचा आधार आहे. अकोल्याच्या काकांनी फक्त काळ्या रेघांवरून कारखान्यातील गाडी करण्याचे ठरवले आहे आणि त्यासाठी चॅसीच्या वाढीव तुकड्याचे माप पुन्हा एकदा मागितले आहे. ते 27 मिलिमीटरच आहे.